साध्या स्विचवरील लॅन कार्डांचे बॉन्डिंग

एका सर्व्हरमधील दोन किंवा अधिक लॅन कार्डे एकत्र बांधून ती एकच कार्ड असल्यासारखी वापरणे, याला लिनक्समध्ये बॉन्डिंग आणि विंडोज सर्व्हरमध्ये टीमिंग म्हणतात. स्विच, म्हणजे संगणकांच्या लॅन केबली एकत्र जोडणारा डबा, साधा, म्हणजे कोणतेही सेटिंग करता न येणारा (अनमॅनेज्ड) असला की यातले काय जमते, एवढ्यापुरती ही नोंद आहे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना हा प्रश्न जवळचा आहे. सर्व्हर चांगला घेतलेला, मागे दोन लॅन पोर्ट, पण स्विच आठ पोर्टांचा साधा. मग दुसरे पोर्ट तसेच रिकामे राहते. ते रिकामे ठेवण्याचे काहीच कारण नाही.

साधा स्विच कोणत्या पोर्टवरून कोणता मॅक अ‍ॅड्रेस (लॅन कार्डाचा ओळख-क्रमांक) आला एवढे टिपून ठेवतो. एक अ‍ॅड्रेस एका वेळी एकाच पोर्टवर, हा त्याचा हिशोब. तोच अ‍ॅड्रेस दोन पोर्टांवरून येऊ लागला की ती नोंद सारखी बदलत राहते. म्हणून पॅकेटे (डेटाचे तुकडे) आळीपाळीने दोन्ही कार्डांवरून सोडणारी राउंड-रॉबिन पद्धत येथे टाळावी. 2000 साली आयईईई या मानके ठरवणाऱ्या संस्थेने 802.3एडी या नावाने आणलेली आणि पुढे 802.1एएक्समध्ये गेलेली एलएसीपी पद्धतही येथे उपयोगी नाही; ती स्विचशी बोलून जोडणी ठरवते आणि साधा स्विच उत्तरच देत नाही. लिनक्सच्या सात मोडांपैकी अशा स्विचसाठी तीन उरतात: अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप, बॅलन्स-टीएलबी आणि बॅलन्स-एएलबी.

अ‍ॅक्टिव्ह-बॅकअपमध्ये एक कार्ड काम करते, दुसरे तयारीत थांबते. कार्डाची लिंक (केबलची जोडणी) चालू आहे का, या तपासणीचा अवधी सहसा 100 मिलिसेकंद ठेवतात. पिंग (सर्व्हर उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) चालू ठेवून चालत्या कार्डाची केबल उपसून पाहावी: एखाद-दुसरे उत्तर चुकते आणि लगेच पिंग पूर्ववत होते. दुसरे कार्ड तोच मॅक अ‍ॅड्रेस घेऊन नेटवर्कवर एआरपीची (कोणत्या आयपी पत्त्याचा मॅक अ‍ॅड्रेस कोणता हे विचारण्या-सांगण्याच्या पद्धतीची) हाक देते, त्यावरून स्विच आपली नोंद बदलतो. कारखान्यात सुताचे तूस पोर्टात बसते, आरजे-45 ची क्लिप तुटून केबल सैल होते. तिथे हाच मोड सर्वांत भरवशाचा.

टीएलबी फक्त जाणारा डेटा कार्डांत वाटते. एएलबी येणाराही वाटते, आणि तिची युक्ती पाहण्यासारखी आहे. पॅकिंगचा संगणक सर्व्हरचा मॅक अ‍ॅड्रेस विचारतो तेव्हा एआरपीच्या उत्तरात पहिल्या कार्डाचा अ‍ॅड्रेस जातो. हिशोबाच्या संगणकाला दुसऱ्या कार्डाचा. दोघेही एकाच आयपीशी बोलतात, पण वाटा वेगळ्या. येणाऱ्या डेटाची ही वाटणी आयपीव्ही4 (आयपी पत्त्यांची जुनी पद्धत) वरच चालते, आणि चालू कार्डाचा अ‍ॅड्रेस बदलू देणारा ड्रायव्हर लागतो.

यातून वेग दुप्पट होतो, हा समज मात्र काढून टाकावा. दोन माग लावले म्हणून एक चादर निम्म्या वेळात विणून होत नाही. एका वेळी दोन चादरी निघतात. तसेच एका संगणकावर एकच मोठी फाईल उतरवताना एका गिगाबिट कार्डाचा, सेकंदाला साधारण 110 मेगाबाइटचा वेगच मिळतो. फायदा दिसतो तो अनेकजण एकदम काम करतात तेव्हा.

विंडोज सर्व्हर 2012 पासून टीमिंग अंगभूत आहे; साध्या स्विचसाठी त्यातला 'स्विच इंडिपेंडंट' मोड निवडावा.

स्विच बंद पडण्याचीही काळजी घ्यायची तर दोन कार्डे दोन स्विचांत लावून अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप ठेवतात. दोन स्विचांमध्ये केबल एकच टाकावी. साध्या स्विचमध्ये सहसा स्पॅनिंग ट्री (असे गोल रस्ते ओळखून बंद करणारी सोय) नसते, त्यामुळे दुसरी केबल जोडली की पॅकेटे गोल फिरत राहतात आणि सगळे नेटवर्क गुदमरते. शिवाय लिंकची तपासणी फक्त कार्डापासून जवळच्या स्विचपर्यंत पाहते. पुढचा रस्ता तुटला तर ते कळण्यासाठी एआरपी तपासणी (पलीकडच्या पत्त्याला एआरपीने विचारून उत्तर येते का पाहणे) लावावी लागते, आणि ती टीएलबी व एएलबीमध्ये चालत नाही. स्विचांचे अडॅप्टरही यूपीएसवर घ्यावेत. सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीतल्या सॉकेटवर असेल, तर वीज गेल्याबरोबर दोन्ही कार्डे एकदमच आंधळी होतात.