भिंत नेमकी कुठे संपते?

१६ जानेवारी १९९२. पहाटेचे तीन वाजून वीस मिनिटं. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, पॅसिफिकच्या काठावर फ्लॉरेन्स नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या एका रस्त्यावर गाडी उभी करून फेडरल, म्हणजे केंद्रीय, सरकारचा एक अधिकारी आणि त्याचा साथीदार समोरच्या घराकडे कॅमेरा रोखून बसले होते. काही मिनिटांत काम झालं, गाडीतून उतरावंसुद्धा लागलं नाही. गॅरेजवरचं छप्पर आणि एका बाजूची भिंत घराच्या बाकी भागापेक्षा गरम होती, शेजारच्या घरांपेक्षा तर बरीच जास्त. हे चित्र, वीजबिलं आणि खबऱ्यांनी दिलेली माहिती एवढ्यावर झडतीचं वॉरंट मिळालं. आत गांज्याची शंभरावर रोपं निघाली.

घरात राहणाऱ्या डॅनी कायलोचं म्हणणं ‘रोपं माझी नव्हेत’ असं नव्हतं. वॉरंट हातात नसताना माझ्या भिंतीतून बाहेर पडणारी उष्णता सरकारनं मोजलीच कशी, असा त्याचा आक्षेप होता. हा प्रश्न सुटायला नऊ वर्षं आणि सर्वोच्च न्यायालय लागलं. सुटला तोही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमतानं.

आधी त्या रात्री कॅमेऱ्याला काय दिसलं ते बघू. घरात गांजा वाढवायचा तर सूर्याचं काम दिव्यांकडून करून घ्यावं लागतं, आणि दिवेही चांगले दणदणीत लागतात. अशा दिव्यात गेलेली वीज थोडाफार वेळ प्रकाश म्हणून मिरवते, पण शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती खोलीत साठते, छपराला आणि भिंतीला तापवते आणि तिथून बाहेर पडते. तिला अडवायचा उपाय नाही. उष्णतारोधक थर दिला तर वेग कमी होतो, इतकंच.

बाहेर पडते म्हणजे कशी? जगातली प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे सतत विद्युतचुंबकीय लहरी सोडत असते. भिंत सोडते, टेबल सोडतं, तुम्हीही सोडता. सत्तावीस अंश सेल्सियसच्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरमधून साधारण ४६० वॅट बाहेर पडतात. आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही, कारण आजूबाजूच्या वस्तू जवळपास तेवढेच परत पाठवत असतात. शिवाय या लहरींची लांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि आपला डोळा पाऊण मायक्रोमीटरच्या अलीकडेच हात टेकतो. हे अवरक्त किरण, म्हणजे इन्फ्रारेड. गंमत अशी की हे उत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतं. भिंत तीनच अंशांनी जास्त तापली तर तिच्यातून निघणारी ऊर्जा सुमारे चार टक्क्यांनी वाढते. हाताला न कळणारा फरक कॅमेऱ्याला ठळक दिसतो. पहाटेची वेळही सोयीची असते, कारण दिवसभर उन्हानं तापलेलं छप्पर तोवर निवलेलं असतं आणि उरते ती घराची स्वतःची ऊब.

या कॅमेऱ्याला खिडकीतून आतलं दिसत नाही. दहा मायक्रोमीटरच्या लहरींना साधी काच अपारदर्शक असते; त्याला दिसतं ते काचेचं स्वतःचं तापमान. म्हणून अशा कॅमेऱ्यांची भिंगं बहुधा जर्मेनियमची करतात, जे आपल्याला आरशासारखं चकचकीत पण आरपार न दिसणारं वाटतं. आणखी एक गोष्ट, जिच्यावर पुढे कोर्टात सगळा कीस पडला: हा कॅमेरा स्वतः काहीही सोडत नाही. किरण नाही, झोत नाही. भिंतीनं बाहेर टाकलेलं तेवढं गोळा करतो.

आता कायदा. अमेरिकन राज्यघटनेला १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या, त्या मुख्यतः नव्यानं उभ्या राहिलेल्या फेडरल सरकारला वेसण घालण्यासाठी. त्यातली चौथी झडतीबद्दल आहे. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती घ्यायची नाही. वॉरंट हवं तर सबळ कारण, शपथ, आणि नेमकी कुठली जागा व कुठली वस्तू हे लिहिलेलं हवं. ‘नेमकी’ या शब्दामागे जुना राग आहे. ब्रिटिश अमदानीत जकात अधिकाऱ्यांकडे असे सरसकट परवाने असत की कुठल्याही गोदामात, घरात घुसून चोरटा माल शोधावा. बोस्टनच्या जेम्स ओटिस या वकिलानं १७६१ मध्ये त्यांच्याविरुद्ध कोर्टात भाषण ठोकलं. खटला हरला, पण ते भाषण ऐकणाऱ्या तरुण जॉन अ‍ॅडम्सच्या ते कायमचं लक्षात राहिलं, आणि तो पुढे देशाचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला.

म्हणजे दुरुस्ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चित्र होतं ते दार ठोठावणाऱ्या शिपायाचं. भिंत भक्कम असली की झालं.

पहिला तडा टेलिफोननं पाडला. दारूबंदीच्या काळात सिअॅटलमध्ये रॉय ओल्मस्टेड नावाचा माजी पोलीस अधिकारी दारूचा मोठा चोरटा धंदा चालवायचा. फेडरल माणसांनी त्याच्या घरात पाऊल टाकलं नाही. रस्त्यावरच्या तारांना आणि ऑफिसच्या इमारतीच्या तळघरात जोड देऊन कित्येक महिने संभाषणं ऐकली. टिपणांची टंकलिखित पानं झाली ७७५. सर्वोच्च न्यायालय १९२८ मध्ये म्हणालं, घरात कुणी शिरलं नाही, वस्तू उचलली नाही, मग झडती कसली? न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांनी विरोधी मत नोंदवलं. विज्ञान तारांपाशी थांबणार नाही, एक दिवस सरकार कपाटातला कागद न हलवता तो कोर्टात हजर करील, अशा आशयाचं. तेव्हा हे जरा अतिच वाटलं असणार.

१९२८ चा तो निकाल चुकला हे मान्य करायला न्यायालयाला एकोणचाळीस वर्षं लागली. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या सार्वजनिक फोन बूथमधून चार्ल्स कॅट्झ मायामी आणि बोस्टनला जुगाराचे आकडे कळवायचा. एफबीआयनं बूथच्या बाहेरून मायक्रोफोन लावला. बूथ काचेचा, म्हणजे कॅट्झ सगळ्या जगाला दिसत होता. पण त्यानं दार लावून घेतलं होतं, आणि ते लोकांच्या नजरेसाठी नव्हतं, कानांसाठी होतं. १९६७ च्या निकालात न्यायमूर्ती पॉटर स्ट्यूअर्ट यांनी लिहिलं की चौथी दुरुस्ती माणसांचं संरक्षण करते, जागांचं नव्हे. न्यायमूर्ती हार्लन यांनी त्याला कसोटी जोडली: खासगीपणाची अपेक्षा माणसाला होती का, आणि समाजाला ती वाजवी वाटते का? ही कसोटी ऐकायला छान आहे, पण वाजवी काय हे ज्यानं-त्यानं ठरवायचं म्हटल्यावर वकिलांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली.

कायलोच्या खटल्यात सरकारचा युक्तिवाद अगदी ओल्मस्टेडच्या वळणाचा होता: आम्ही आत काही पाहिलं नाही, भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागाचं तापमान पाहिलं. बहुमताचा निकाल लिहिताना न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांनी हा मुद्दा फेटाळला. असं म्हटलं तर भिंतीतून येणारा आवाज पकडणारा मायक्रोफोनही ‘भिंतीबाहेरचा आवाज’च पकडतो. आणि उष्णतेतून काय कळतं, तर घरातली बाई रोज रात्री किती वाजता सॉनाला आणि आंघोळीला जाते तेसुद्धा कळू शकतं, असं त्यांनी लिहिलं. घराच्या आतली कुठलीच गोष्ट किरकोळ नाही. सर्वसामान्यांच्या वापरात नसलेलं यंत्र लावून, एरवी आत शिरल्याशिवाय कळलं नसतं असं काही मिळवलं, तर ती झडतीच.

‘सर्वसामान्यांच्या वापरात नसलेलं’. या शब्दांवर न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात बोट ठेवलं. यंत्र स्वस्त होऊन घरोघरी गेलं की धोका वाढतो. तुमच्या नियमात मात्र संरक्षण तेव्हाच संपतं. मूळ निकाल मला पटतो, पण हा टोला वर्मी बसणारा आहे हे मान्य करावं लागतं.

इथून पुढे प्रश्न घराच्या भिंतीचा राहिला नाही. वॉशिंग्टनमधल्या एका नाइटक्लब मालकाच्या बायकोच्या नावावरच्या जीपला पोलिसांनी जीपीएस यंत्र चिकटवलं. वॉरंट होतं, पण दहा दिवसांचं आणि फक्त राजधानीपुरतं. यंत्र बसवलं अकराव्या दिवशी, शेजारच्या मेरीलँड राज्यात. २८ दिवसांत नोंदींची दोन हजारांवर पानं जमली. २०१२ मध्ये सगळे न्यायमूर्ती सरकारच्या विरोधात गेले, मात्र कारणं वेगवेगळी दिली. स्कालिया म्हणाले, दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूवर यंत्र लावणं हेच अतिक्रमण. सॅम्युअल अलिटो यांनी थट्टा केली की अठराव्या शतकात हे जमायचं तर फारच मोठी घोडागाडी किंवा अगदी चिमुकला शिपाई, किंवा दोन्ही, लागले असते. थट्टेमागचा त्यांचा मुद्दा मला या सगळ्या निकालांमधला सर्वांत मोलाचा वाटतो. पूर्वी माणसाला महिनाभर पाठलागापासून वाचवणारी गोष्ट कायदा नव्हती, खर्च होता. पाळतीला माणसं लागत, गाड्या लागत, पगार लागत, म्हणून ती मोठ्या गुन्हेगारांवरच ठेवली जाई. यंत्रानं तो खर्च जवळपास शून्यावर आणला, आणि कुणी मत न देता, कायदा न बदलता सरकारचा हात लांब झाला.

यंत्र चिकटवायचीही गरज नसते, कारण ते आपण स्वतःच खिशात घालून फिरतो. पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा मनोरा आहे. त्याच्या खांबावर उभट, पांढऱ्या तीन पेट्या तीन दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. प्रत्येकीच्या वाट्याला साधारण १२० अंशांची फाक येते. फोन कुठल्या फाकेत आहे हे कंपनीला माहीत असावंच लागतं, नाहीतर कॉल पोचवणार कुठे? ती नोंद बिलासाठी, जाळ्याच्या देखभालीसाठी साठवली जाते. शहरात मनोरे दाट म्हणून फाक लहान, खेड्यात मोठी.

मिशिगन आणि ओहायोत २०१० च्या सुमारास दुकानं लुटणारी एक टोळी पकडली गेली. लूट होती मोबाइल फोनची, हा योगायोग. टोळीतल्या टिमोथी कारपेंटरच्या फोनच्या नोंदी एफबीआयनं कंपन्यांकडून मागवल्या. वॉरंट घेतलं नाही, त्याहून कमी पुराव्यावर मिळणारा कोर्टाचा आदेश घेतला. हाती आलं ते १२७ दिवसांतलं १२,८९८ ठिकाणांचं टिपण, दिवसाला सरासरी १०१. सरकारचा आधार होता १९७० च्या दशकातल्या निकालांचा: बँकेला किंवा टेलिफोन कंपनीला तुम्ही जी माहिती आपणहून देता, तिच्यावर खासगीपणाचा दावा उरत नाही. आपणहून! फोन चालू ठेवण्याव्यतिरिक्त कारपेंटरनं काहीच ‘दिलं’ नव्हतं. मुख्य न्यायमूर्ती जॉन रॉबर्ट्स यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच लिहिलं आणि पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं की सात दिवसांच्या अशा नोंदी मागवणं ही झडती आहे, वॉरंट लागेल. कारपेंटरला मात्र फायदा झाला नाही. एफबीआयनं त्या वेळच्या कायद्यावर सद्‌भावनेनं विसंबून काम केलं होतं, म्हणून पुढे अपील न्यायालयानं त्याची शिक्षा, शंभरहून अधिक वर्षांची, कायम ठेवली.

नुसती फाक कळून काय होतं, असं वाटू शकतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या, नावं काढून टाकलेल्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. वेळ तासापर्यंतची, जागा मनोऱ्यापर्यंतची, म्हणजे ढोबळच. तरी कुठलेही चार बिंदू घेतले की ९५ टक्के माणसं गर्दीतून एकेकटी वेगळी निघत होती. सकाळी इथे, दुपारी तिथे, रात्री पलीकडे: हा क्रम जवळपास प्रत्येकाचा वेगळा.

भारताचा या वादाशी एक जुना धागा आहे. आपल्या घटनेत चौथ्या दुरुस्तीसारखं कलम नाही, हे कारण देऊन आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये खासगीपणाचा हक्क मानायला नकार दिला होता. ती भूमिका २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी बाजूला सारली. त्या निकालपत्रात या अमेरिकन खटल्यांची लांबलचक चर्चा आहे.

अमेरिकेतली अलीकडची भांडणं उलट्या दिशेच्या वॉरंटची आहेत. एका पतसंस्थेवरच्या दरोड्यानंतर व्हर्जिनियात पोलिसांनी गूगलकडे दीडशे मीटर त्रिज्येच्या वर्तुळातले त्या तासातले सगळे फोन मागितले. पहिल्या फेरीत १९ निघाले. इथे संशयित आधी आणि झडती नंतर असं नाही, झडतीतून संशयित शोधायचा. जेम्स ओटिस ज्याविरुद्ध उभा राहिला तो परवाना हाच, असं एका फेडरल अपील न्यायालयानं २०२४ मध्ये जवळजवळ म्हटलं आणि अशी वॉरंट घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्या न्यायालयानं मात्र व्हर्जिनियातल्या पोलिसांचा पुरावा ग्राह्य धरला. तिसरा रस्ता आणखी सोपा. जी माहिती मागायला वॉरंट लागतं, ती अ‍ॅपवाल्यांकडून जमवणारे दलाल उघड विकतात, आणि सरकारी खात्यांनी ती विकत घेतलेली आहे. हे बंद करणारं विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये झालं नाही.

मागच्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या मीटर रूममध्ये जळका वास यायला लागला म्हणून वायरमनला बोलावलं. त्यानं खिशातून आगपेटीएवढा डबा काढून मोबाइलला जोडला. थर्मल कॅमेरा. पडद्यावर पॅनेल निळं-जांभळं दिसत होतं आणि त्यात एक ढिला स्क्रू पिवळाधमक. तो आवळून झाल्यावर गड्याला मौज सुचली, त्यानं कॅमेरा जिन्यालगतच्या डक्टच्या भिंतीकडे वळवला. प्लॅस्टरच्या आतून गच्चीवरच्या सोलरचा पाइप खाली येतो. भिंत कोरी होती. पडद्यावर तिच्यात एक नारिंगी रेघ वरून उतरत तिसऱ्या मजल्यापाशी आत वळलेली. “तिसऱ्यावर आंघोळ चाललीय,” तो म्हणाला, आणि कॅमेरा बंद करून पैशाचं विचारू लागला.