पार्श्वभूमी : छापील आद्याक्षरांतला सांगाडा, डुक्कर आणि हंस

गुटेनबर्गचे बायबल १४५५च्या सुमारास छापून झाले, तेव्हा त्यात प्रकरणांच्या पहिल्या अक्षरांची जागा कोरी होती. ती अक्षरे नंतर हाताने रंगवायची. पैसे खर्च करायची तयारी नसेल तर जागा तशीच राहायची, आणि त्या काळच्या कितीतरी पुस्तकांत ती आजही कोरी दिसते. लाकडी ठशाने हा खर्च वाचवला. ठसा छपाईच्या खिळ्यांच्या, म्हणजे सुट्या धातूच्या अक्षरांच्या, उंचीचा घेतला की त्यांच्याबरोबरच फर्म्यात, म्हणजे पान जुळवायच्या चौकटीत, बसतो. मजकूर आणि चित्र एकाच दाबात उमटतात. व्हेनिसमध्ये एर्हार्ट राटडोल्टने १४८२ मध्ये युक्लिडची भूमिती छापली, तिच्यात काळ्या जमिनीवर पांढऱ्या वेलींची देखणी आद्याक्षरे आहेत. त्या वेलींत गूढ अर्थ शोधत बसू नये. हस्तलिखितांतली सजावट छापखान्यात आली, एवढेच.

अर्थ हवा असेल तर स्वित्झर्लंडमधल्या बासेलला जावे. तिथे चित्रकार हान्स होल्बाइनने १५२४च्या सुमारास मृत्यूची वर्णमाला रेखाटली आणि हान्स ल्युट्सेलबुर्गरने ती लाकडात कोरली. अक्षरे चोवीस, कारण आय-जे आणि यू-व्ही यांची अजून फारकत झाली नव्हती. प्रत्येक चौकोन जेमतेम अडीच सेंटिमीटरचा. ‘ए’मध्ये सांगाडे वाद्ये वाजवतात. मग मृत्यू ‘बी’त पोपला गाठतो, ‘सी’त सम्राटाला, ‘डी’त राजाला. ‘एम’मध्ये वैद्याची पाळी, ‘एक्स’मध्ये जुगाऱ्यांची, ‘वाय’मध्ये तान्ह्या मुलाची. ‘झेड’ला अखेरचा न्यायनिवाडा. काळ पोपला आव्हान देणाऱ्या धर्मसुधारक ल्यूथरचा, त्यामुळे पोपला पहिला नंबर दिलेला पाहून टीकेचा वास येतो. पण वरच्या पायरीपासून खाली येणारी ही उतरंड जुनीच. बासेलच्या डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्याशांच्या दफनभूमीच्या भिंतीवर मृत्यूचे असेच नृत्य पंधराव्या शतकात रंगवलेले होते.

होल्बाइनचा संच कुठल्याही पुस्तकात चालणारा होता. व्हेसालियसच्या शरीररचनेवरच्या ग्रंथात मात्र आद्याक्षरे विषयाशी घट्ट जुळलेली आहेत. हा ग्रंथ बासेललाच, ओपोरिनसच्या छापखान्यात, १५४३ मध्ये निघाला. गुबगुबीत बालके त्या काळी दागिन्यापासून थडग्यापर्यंत सगळीकडे असत. इथे तीच बालके प्रेत पळवतात, हाडे उकळतात. ‘क्यू’मध्ये ती जिवंत डुकराची चिरफाड करतात, आणि ग्रंथाच्या शेवटी व्हेसालियस खरोखरच तो प्रयोग वर्णन करतो. १५५५च्या आवृत्तीत ‘व्ही’मध्ये ग्रीक देव अपोलो मार्सियसची कातडी सोलतो. मार्सियसने देवाला वादनाचे आव्हान दिले होते, त्याची ही शिक्षा. शवविच्छेदनाची सुरुवातही कातडीपासूनच होते, हा झाला सरळ अर्थ. पण मधल्या काळात, १५५१ मध्ये, व्हेसालियसचे पॅरिसचे जुने गुरू सिल्वियस यांनी त्याच्यावर जहरी पुस्तिका काढली होती. मला तरी त्या ‘व्ही’त सिल्वियसना मारलेला टोमणा दिसतो.

असे उदाहरण विरळाच. ठसे म्हणजे छापखान्याचे भांडवल. एका पुस्तकाचे काम संपले की ते दुसऱ्याला जुंपले जायचे, उसने दिले जायचे, विकलेही जायचे. लंडनमध्ये १५७२ साली रिचर्ड जगने ‘बिशपांचे बायबल’ या इंग्रजी भाषांतराची नवी आवृत्ती छापली. तिच्यात हिब्रूंना लिहिलेल्या पत्राच्या सुरुवातीला हंसाच्या रूपातला रोमन देव ज्युपिटर लीडा या राणीशी प्रणय करताना दिसतो. ठसा रोमन कवी ओव्हिडच्या कथांसाठी केलेल्या संचातला होता. जुळाऱ्याला त्या मापाचे अक्षर हवे होते, ते त्याने उचलून बसवले. वाचकांनी मात्र त्या आवृत्तीला ‘लीडा बायबल’ हे नाव कायमचे चिकटवले.