वारा पाठीवर असताना वाट कुणाची?

शर्यतीतल्या दोन शिडाच्या होड्या वारा पाठीवर घेऊन निघाल्या आहेत आणि त्यांच्या वाटा एकमेकींना छेदतायत. बाजूला कुणी व्हायचं? आजचं उत्तर एका नजरेत मिळतं: मुख्य शीड कुठल्या बाजूला आहे ते बघा. वारा उजव्या अंगाने घेणारी होडी 'स्टारबोर्ड टॅक'वर, डाव्या अंगाने घेणारी 'पोर्ट टॅक'वर, आणि पोर्टवालीने वाट सोडायची. वारा अगदी पाठीमागून असेल तर उजवं-डावं अंग कसं ठरवायचं? त्यासाठी नियमात सोय आहे. मुख्य शीड ज्या बाजूला असेल ती वाऱ्याआडची, म्हणजे वारा येतो त्याच्या उलटी बाजू धरायची. म्हणजे शीड डावीकडे असेल, तर होडी स्टारबोर्डवर.

हे इतकं सुटसुटीत व्हायला शंभर वर्षं लागली. एकोणिसाव्या शतकातले नियम मालवाहू जहाजांसाठी बनले होते आणि त्यांत एक उतरंड होती. वाऱ्याला भिडून, कष्टाने त्याच्याच दिशेने वर चढणाऱ्या जहाजाचा मान सगळ्यांत मोठा, कारण त्याला वळायला लावलं तर कमावलेलं अंतर वाया जायचं. मोकळ्या वाऱ्यावर चाललेल्या जहाजाला दोन्हीकडे सहज वळता येतं, म्हणून त्याने वाट द्यायची. आणि वारा थेट पाठीमागून घेणारं जहाज उतरंडीच्या तळाशी, त्याने सगळ्यांनाच वाट द्यायची. व्यापारी जहाजांपुरता हा विचार मला आजही शहाणपणाचा वाटतो.

ब्रिटनमध्ये 1875 साली यॉट रेसिंग असोसिएशन स्थापन झाली. त्या काळचे शर्यतींचे नियमही याच विचारावर उभे होते. पण शर्यतीत ही उतरंड अडचणीची ठरते. समोरची होडी 'वाऱ्याला भिडून' चालली आहे की थोडी 'मोकळी', हा अंशांचा प्रश्न आहे, आणि दोन्ही सुकाणूधारी आपापल्या सोयीचं उत्तर देणार. शीड कुठल्या बाजूला आहे याबद्दल मात्र वाद होत नाही.

त्याहून बिकट प्रश्न होता ओलांडण्याचा. वारा मागून येत असतो तेव्हा फायदा मागच्याचा असतो. मागची होडी आपल्या शिडांनी पुढचीचा वारा अडवते आणि जवळ येत जाते. पुढच्या होडीकडे मुख्य शस्त्र एकच: मागची वाऱ्याकडच्या बाजूने पुढे निघू लागली की आपली नाळ वाऱ्याकडे वळवायची आणि तिलाही वळायला भाग पाडायचं. याला 'लफिंग' म्हणतात. जुन्या नियमात याची मर्यादा एका कल्पित टकरीवर मोजली जायची. टक्कर झालीच, तर पुढच्या होडीची नाळ दुसरीच्या डोलकाठीला आधार देणाऱ्या तारांच्या पुढे लागेल की मागे? पुढे लागणार असेल तोवर लफिंगचा हक्क, मागे लागणार असेल तर संपला. न झालेल्या टकरीचा बिंदू ठरवायचा कुणी?

1934 च्या अमेरिकाज कप या शिडाच्या होड्यांच्या नावाजलेल्या स्पर्धेत, अमेरिकेतल्या न्यूपोर्टजवळच्या समुद्रात, नेमकं हेच घडलं. विमानं बनवणाऱ्या टॉमस सॉपविथची 'एन्डेव्हर' पहिल्या दोन शर्यती जिंकली होती, तिसरी हॅरल्ड व्हँडरबिल्टच्या 'रेनबो'ने घेतली. दोन्ही होड्या सव्वाशे फुटांहून लांब. चौथ्या शर्यतीत रेनबो वाऱ्याकडून पुढे निघू लागली तेव्हा सॉपविथने लफिंग केलं. रेनबो वळली नाही. टक्कर टाळायला सॉपविथनेच सुकाणू फिरवलं आणि शर्यत गमावली. तक्रारीचा झेंडा त्याने शर्यत संपत आल्यावर चढवला. घटना घडताच झेंडा दाखवला नाही, म्हणून समितीने तक्रार ऐकायलाच नकार दिला. रेनबोने कप 4–2 असा राखला. बरोबर कोण होतं याचा निवाडा झालाच नाही, आणि माझ्या मते त्या शर्यतीचं खरं दुखणं तेच आहे.

नवे नियम लिहायला बसला तो जिंकलेला व्हँडरबिल्ट. पत्त्यांच्या काँट्रॅक्ट ब्रिज या खेळाची गुणपद्धत 1925 मध्ये ज्याने बसवली तोच हा माणूस, आणि दोन्ही कामांत एकच डोकं दिसतं. त्याने 'भिडून की मोकळी' हा भेदच काढून टाकला. होड्या वेगवेगळ्या टॅकवर असतील तर पोर्टवालीने वाट द्यायची, एकाच टॅकवर शेजारी असतील तर वाऱ्याकडचीने. लफिंगसाठीही डोळ्यांना दिसणारी खूण आली. वाऱ्याकडच्या होडीचा सुकाणूधारी आपल्या जागेवरून काटकोनात बघताना दुसरीच्या डोलकाठीच्या रेषेत आला, की त्याने 'मास्ट अबीम' अशी हाक द्यायची आणि तिथे लफिंग थांबायचं. उत्तर अमेरिकेच्या शर्यत-संघटनेने ही चौकट 1948 मध्ये स्वीकारली. पुढच्या दशकभरानंतर ती जगभरच्या शर्यतींचा पाया झाली.

1997 च्या मोठ्या फेरलेखनात 'मास्ट अबीम'ही गेलं. आता प्रश्न असा विचारला जातो: शेजारीपण जमलं कसं? मागून येऊन, होडीच्या दोन लांबींच्या आत, वाऱ्याआडच्या बाजूने शेजारी आलात, तर हक्क तुमचा, पण तो वापरून दुसरीला वाऱ्याकडे ढकलायचं नाही, आपल्या योग्य मार्गावरच, म्हणजे दुसरी होडी नसती तर जो धरला असता त्यावरच, राहायचं. दुसरीच वाऱ्याकडून तुमच्या शेजारी आली असेल, तर मात्र अगदी वाऱ्याच्या तोंडापर्यंत वळता येतं, फक्त तिला बाजूला व्हायला वाव द्यावा लागतो. शीड पलटून अचानक स्टारबोर्डवर आलेल्यालाही सुरुवातीला तसा वाव द्यावाच लागतो. 2009 पासून वळणखुणेभोवतीचं (होड्यांनी जिला वळसा घालायचा त्या खुणेभोवतीचं) क्षेत्र दोनऐवजी तीन लांबींचं झालं, कारण वेगवान होड्यांना आधी ठरवायला वेळ हवा होता.

समुद्रावरच्या सर्वसाधारण नियमांतली जुनी उतरंडही 1960 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गेली. 1972 च्या नियमावलीत शिडाच्या जहाजांनाही टॅक आणि वाऱ्याची बाजू हेच निकष लागतात. एक फरक मात्र उरला आहे. तिथे मागून येऊन ओलांडणाऱ्याने शेवटपर्यंत दूर राहायचं असतं. शर्यतीत तोच वाऱ्याआडून शेजारी आला की हक्कदार होतो. म्हणून शर्यतीबाहेरची नाव समोर आली की शर्यतीची होडीही सर्वसाधारण नियमांखाली येते. मुंबई बंदरात वारा पाठीवर घेऊन सुसाट निघालेल्या होडीपुढे जाळी टाकून मासेमारी करणारी कोळ्यांची होडी आली, तर शीड कुठल्याही बाजूला असो, बाजूला व्हायचं ते शर्यतवाल्यानेच.