लेकीचा वाटा आणि कायद्याच्या तारखा

वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा वाटा किती, असे वकिलाला विचारले की तो आधी उलट तारखाच विचारतो. वडील कधी वारले? बहिणीचे लग्न कधी झाले? वाटणी झाली असेल तर कधी, आणि ती नोंदवली आहे का? पक्षकाराला वाटते वकील वेळ काढतोय. पण गेल्या सत्तर वर्षांत या हक्काची सीमारेषा इतक्या वेळा सरकली आहे की तारखांशिवाय उत्तर देताच येत नाही.

या सगळ्याचे मूळ मिताक्षरेत सापडते. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची ही टीका कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. बंगालकडची दायभाग ही वेगळी वारसा-पद्धत आणि काही मातृवंशीय समाज वगळले तर देशातल्या बहुतेक हिंदू कुटुंबांचा वारसा तिच्याच आधाराने चालला. इंग्रजांच्या काळात कोर्टांनी ज्या रूपात हा नियम लावला तो असा: एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच तयार होतो, मुलीचा होत नाही. आणि कुटुंबातला एखादा पुरुष वारला तर त्याचा हिस्सा उरलेल्या पुरुषांच्या हिश्श्यात मिसळून जातो. विधवेला पोटगी आणि मुलीला लग्नाचा खर्च मिळाला की विषय संपला.

याला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईचे डॉक्टर गो. वि. देशमुख यांनी. केंद्रीय कायदेमंडळात त्यांनी नेटाने लावून धरलेल्या विधेयकातून १९३७ चा कायदा आला आणि विधवेला नवऱ्याचा हिस्सा मिळू लागला. मात्र तो हयातीपुरताच होता. उत्पन्न खायचे, पण मनाप्रमाणे विकायचे किंवा कुणाला द्यायचे नाही. मुलगी या कायद्यातही बाहेरच राहिली.

पुढे हिंदू कायद्याच्या सुधारणेसाठी नेमलेल्या बी. एन. राव समितीने जन्मसिद्ध हक्काची ही एकत्र कुटुंबाची व्यवस्थाच मोडीत काढावी असे सुचवले. तोच विचार घेऊन हिंदू कोड बिल आले, त्याला कडाडून विरोध झाला आणि ते रखडल्यावर १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी कायदामंत्रिपद सोडले. नंतर त्याच बिलाचे तुकडे करून चार वेगवेगळे कायदे संमत झाले. त्यांपैकी हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ ला लागू झाला. विधवेच्या मर्यादित हक्काचे त्याने पूर्ण मालकीत रूपांतर केले, हे मोठेच काम. मुलगीही वडिलांची पहिल्या वर्गाची वारस ठरली. पण मिताक्षरेची एकत्र मिळकत तशीच ठेवली, आणि खरी मेख तिथेच होती.

ती आकड्यांत बघू. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन आहे, आई आधीच गेलेली, घरात वडील, दोन मुलगे आणि एक मुलगी. मृत्युपत्र न करता वडील वारले. १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडील वारण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असे धरायचे. या काल्पनिक वाटणीत फक्त पुरुष बसतात, म्हणजे वडील आणि दोघे मुलगे यांना तीन-तीन एकर. मग वडिलांचे तीन एकर तिन्ही मुलांत सारखे वाटायचे. मुलग्यांना चार-चार एकर आणि मुलीला एक. वारसा हक्कात समानता आहे, असे या कायद्याबद्दल वर्षानुवर्षे सांगितले जायचे. ती समानता फक्त बापाच्या तीन एकरांपुरती होती. शिवाय कलम २३ मुळे राहत्या घराची वाटणी मागायचीही मुलीला सोय नव्हती. भावांनी आपसात वाटायचे ठरवेपर्यंत तिने थांबायचे.

ही मेख काढायला सुरुवात केली ती राज्यांनी. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची व्यवस्थाच रद्द केली. आंध्र, तामिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी दुसरी वाट धरली: व्यवस्था राहू द्यायची, पण मुलीलाही मुलासारखीच जन्मतः हिस्सेदार करायचे, म्हणजे कायद्याच्या भाषेत सहदायाद. (शेजारच्या गोव्याला ही उठाठेव करावीच लागली नाही. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे तिथे मुलगा-मुलगी वारशात आधीपासूनच बरोबरीचे.)

महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. वरच्या उदाहरणात काल्पनिक वाटणीत आता मुलगीही बसते, चौघांचे सव्वादोन-सव्वादोन एकर होतात, वडिलांचा हिस्सा तिघांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला तीन एकर येतात. एकावरून तीन. पण त्या तारखेआधी जिचे लग्न झाले होते तिला हा लाभ नव्हता. म्हणजे एकाच घरात १९९३ मध्ये लग्न झालेली थोरली बहीण जन्मसिद्ध हक्काला मुकली आणि १९९५ मध्ये लग्न झालेली धाकटी हक्कदार झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत अन्यायाची रेघ हीच. लग्न झाले की मुलगी परक्या घरची, हा गावगाड्यातला समज कायद्याने इथे स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला.

ती रेघ केंद्राच्या दुरुस्तीने पुसली. विधी आयोगाच्या २००० सालच्या १७४ व्या अहवालानंतर आलेली ही दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. मुलीच्या लग्नाची अट गेली, कलम २३ गेले, शेतजमिनीबाबतच्या काही कायद्यांना असलेली सूटही गेली. हक्काबरोबर देण्यांची जबाबदारीही मुलीवर आली, हे सहसा कुणी सांगत नाही. फक्त एक तारीख नव्याने आली: २० डिसेंबर २००४, म्हणजे विधेयक राज्यसभेत मांडले तो दिवस. त्याआधी झालेल्या वाटण्या आणि विक्रीव्यवहार उकरता येणार नाहीत.

मग वाद सुरू झाला वडिलांच्या मृत्यूच्या तारखेवरून. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात हवेत. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने २००१ मध्ये वारलेल्या वडिलांच्या मुलींना वाटा दिला. खालच्या कोर्टांत दोन्ही बाजूंचे वकील आपापला निकाल घेऊन उभे राहू लागले. अखेर ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने घोळ मिटवला: हक्क जन्माने मिळतो, त्यामुळे २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही.

याच निकालाचा एक भाग मराठी घरांना जास्त लागू पडतो. आपल्याकडे वाटण्या बहुतेक वेळा तोंडी होतात. भाऊ चार माणसांसमोर बांध ठरवतात, फार तर साध्या स्टँपवर सह्या करतात. बहिणीने दावा लावला की ‘आमची वाटणी पूर्वीच झाली’ हे उत्तर ठरलेले. २००५ च्या कायद्याला नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तोंडी वाटणी अपवाद म्हणूनच धरली जाईल आणि तीही सरकारी दस्तांनी पक्की सिद्ध झाली तर, असे न्यायालयाने बजावले.

सातबाऱ्यावर मात्र जुनी सवय दिसते. वारस नोंद लागताना भावांची नावे भोगवटादाराच्या रकान्यात आणि बहिणींची ‘इतर हक्कात’, असे हजारो उतारे आजही निघतात. फेरफाराने मालकी ठरत नाही, त्यामुळे एवढ्याने बहिणीचा हक्क जात नाही. तो जातो हक्कसोडपत्राने. वडिलांचे दिवसकार्य उरकले की भाऊ तिला दुय्यम निबंधकाकडे घेऊन जातात, ‘माहेर तुटायला नको’ म्हणून ती सही करते, आणि नोंदणी झालेले हे पत्र नंतर फिरवायचे तर फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. नोंदणी न करता नुसत्या स्टँपवर घेतलेली सही तेवढी टिकत नाही.

दुसरी वाट मृत्युपत्राची. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीवर मुलाचा काय किंवा मुलीचा काय, जन्मसिद्ध हक्क नाहीच. ती मिळकत वडील कुणालाही लिहून देऊ शकतात. एकत्र मिळकतीतल्या स्वतःच्या हिश्श्याचेही मृत्युपत्र करायची मुभा कलम ३० ने १९५६ पासूनच दिली आहे. वरच्या नऊ एकरांत वडिलांनी आपले सव्वादोन एकर दोन्ही मुलांच्या नावे लिहून ठेवले, तर मुलीकडे तिचे स्वतःचे सव्वादोन एकर उरतात आणि मुलांकडे प्रत्येकी तीन एकर पंधरा गुंठे जातात.