जुन्या नोंदवह्यांतून निघालेला समुद्राचा नकाशा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेहून ब्राझीलच्या रिओला निघालेलं शिडाचं जहाज आधी पूर्वेला, आफ्रिकेच्या बाजूला लांब जायचं. ब्राझीलचं साओ रोक हे भूशिर अटलांटिकमध्ये पुढे आलेलं आहे. सरळ खाली उतरलो तर पश्चिमेकडे वाहणारा प्रवाह आपल्याला भूशिराच्या अलीकडेच लोटेल आणि मग वाऱ्याविरुद्ध ते ओलांडता येणार नाही, ही खलाशांची पक्की समजूत. १८४८ मध्ये बाल्टिमोरचं एक व्यापारी जहाज मात्र हा वळसा टाळून भूशिराच्या जवळून गेलं आणि एरवीच्या सुमारे ५५ दिवसांऐवजी ३८ दिवसांत रिओला पोचलं. त्याच्या कप्तानाने भरवसा ठेवला होता तो मॅथ्यू फाँटेन मॉरी या नौदल अधिकाऱ्याच्या सूचनांवर.

मॉरीचा जन्म १८०६ चा, व्हर्जिनियातला. एकोणिसाव्या वर्षी तो नौदलात शिरला आणि ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणाही करून आला. १८३९ मध्ये ओहायोत घोडागाडी उलटली, उजवा पाय कायमचा अधू झाला. समुद्रावरची नोकरी संपली. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये नौदलाच्या नकाशे आणि उपकरणांच्या कोठाराचा प्रमुख नेमलं.

तिथे जुन्या लॉगबुकांचे ढीग पडून होते. वारा कुठून आला, प्रवाह कुठे ओढत होता, हे खलाशांनी रोज टिपून ठेवलेलं. पण फेरी संपली की त्या वह्यांकडे कोणी बघत नसे. मॉरीने समुद्राचे पाच-पाच अंशांचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात, प्रत्येक महिन्यात, सोळा दिशांपैकी कुठून किती वेळा वारा वाहिला याची मोजदाद करून घेतली. एका कप्तानाचा अनुभव नशिबाचा भाग असू शकतो. शेकडो कप्तानांचे जुलैमधले वारे एका चौकोनात मांडले की शक्यता दिसू लागते. माझ्या मते मॉरीची खरी प्रतिभा इथे आहे. १८४७ मध्ये उत्तर अटलांटिकचा पहिला नकाशा निघाला. नकाशे तो कप्तानांना फुकट देई आणि बदल्यात ठरावीक नमुन्यात भरलेल्या नोंदी मागे. १८५३ मध्ये त्याच्याच पुढाकाराने ब्रुसेल्सला अनेक देशांची परिषद भरली आणि नोंदींचा समान नमुना ठरला.

त्याच सुमारास त्याने तळाकडे लक्ष वळवलं. त्याच्या हाताखालच्या जॉन ब्रूक या तरुण अधिकाऱ्याने एक साधन बनवलं होतं: भोक पाडलेल्या तोफगोळ्यातून आरपार जाणारी दांडी. तळ लागला की गोळा सुटून खालीच राहायचा आणि हलकी झालेली दांडी टोकात अडकलेला गाळ घेऊन वर यायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाळात वाळूचा कण नव्हता, होती ती सूक्ष्मजीवांची नाजूक, अखंड कवचं. मॉरीने ताडलं, की एवढी नाजूक कवचं न झिजता टिकली, म्हणजे तिथलं पाणी शांत असणार आणि तारयंत्राची केबल तिथे सुरक्षित राहील. १८५८ मध्ये अटलांटिकपार केबल पडली. ती काही आठवड्यांतच बंद पडली, पण दोष तळाचा नव्हता.

सिद्धांत मांडताना मात्र तो घसरला. उत्तर ध्रुवाजवळ बर्फमुक्त समुद्र आहे, असं तो ठामपणे सांगत राहिला. त्याची वाऱ्यांची उपपत्ती वाचून असमाधानी झालेल्या विल्यम फेरेलने १८५६ मध्ये पृथ्वीच्या परिवलनाचा वाऱ्यांवरचा परिणाम मांडला, आणि हवामानशास्त्र त्या वाटेने पुढे गेलं.

याहून गंभीर चूक राजकारणातली. अमेरिकेतल्या गुलामांसह दक्षिणेतल्या मळेवाल्यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यात वसाहत करावी, ही योजना त्याने हिरिरीने पुढे रेटली होती. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटताच राजीनामा देऊन तो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूला गेला आणि तिच्यासाठी विजेने उडणारे पाणसुरुंग तयार करू लागला. रिचमंडमधला त्याचा पुतळा २०२० मध्ये हटवला गेला, तो याच कारणाने. वाऱ्यांच्या नकाशाचं कौतुक करताना हे झाकून ठेवणं मला पटत नाही.

१८७३ मध्ये तो वारला. त्याने जमवलेल्या लॉगबुकांतल्या नोंदी पुढे संगणकात भरल्या गेल्या. समुद्राचं तापमान आणि वारे दीडशे-दोनशे वर्षांत कसे बदलले हे शोधणारे हवामान-अभ्यासक आज त्या वापरतात.