पार्श्वभूमी : अमेरिकन चित्रांतली आई आणि तिकिटावरची कुंडी

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रांतलं मातृत्व म्हटलं की हटकून एकच चित्र पुढे येतं. काळ्या पोशाखातली वृद्धा, एका बाजूने दिसणारी, हात मांडीवर. अमेरिकन चित्रकार जेम्स व्हिसलरने ते १८७१ मध्ये लंडनमध्ये रंगवलं आणि नाव दिलं 'करड्या आणि काळ्या रंगांची मांडणी, क्रमांक १'. समोर बसलेली त्याची आईच होती. पण ती कोण याच्याशी लोकांना काय करायचंय, रंग आणि आकार पाहा, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्याने लिहूनही ठेवलं. लोकांनी ऐकलं नाही. १८९१ मध्ये चित्र फ्रान्स सरकारने घेतलं. १९३२ पासून ते उसनं आणून अमेरिकेत गावोगाव फिरवलं गेलं आणि १९३४ च्या मातृदिनासाठी त्याचं ३ सेंटचं टपाल तिकीट निघालं.

वाद पेटला तो या तिकिटावरून. चित्र छाटलं गेलं, रिकाम्या जागेत अमेरिकेच्या मातांना वंदन करणारा मजकूर आला आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात फुलांची कुंडी बसवली गेली. मूळ चित्रात ती कुंडी नाहीच! चित्रकारांच्या एका संघटनेने निषेध केला आणि तो रास्तच होता. ज्या मोकळ्या भिंतीवर त्या चित्राचा सगळा तोल उभा आहे, तीच भरून टाकली होती. तिकीट मात्र तसंच विकलं गेलं.

आई हाच विषय धरून काम करणारे वेगळेच होते. चित्रकार लिली मार्टिन स्पेन्सरला तेरा मुलं झाली, त्यांतली सात जगली, आणि घर तिच्या कुंचल्यावर चालायचं. तिच्या १८६६ च्या चित्रात आई अमेरिकेतल्या यादवी युद्धाची बातमी वाचण्यात गुंग आहे, मांडीवरचं बाळ आडवंतिडवं पसरलंय आणि मोठी मुलं भांडी बडवत संचलन करताहेत. मुलं वाढवलेला हातच हे काढू शकतो.

पुढे १८९० च्या दशकात येशूची आई मेरी, तिची छाया या चित्रांवर गडद झाली. 'आई' हा शब्दही सैल झाला. अ‍ॅबट थेअरने १८९१ मध्ये सिंहासनावरची मेरी रंगवली ती आपल्या थोरल्या मुलीवरून, शेजारी धाकटी भावंडं; त्याच वर्षी त्या मुलांची आई वारली होती. चित्रकार मेरी कसॅटचं लग्न झालं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. १९०० मधल्या तिच्या शिवणकाम करणाऱ्या 'आई'चा आणि गुडघ्याला रेललेल्या मुलीचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी १८९३ च्या स्नानाच्या चित्रात घमेल्यातलं मुलीचं पाऊल धरणारा हात पाहिला की नात्याची चौकशी करावीशी वाटत नाही.

या यादीत क्वचितच घेतलं जाणारं चित्र १८६७ चं. मार्गारेट गार्नर जानेवारी १८५६ मध्ये गोठलेली ओहायो नदी ओलांडून गुलामीतून पळाली. पकडणाऱ्यांनी घेरल्यावर तिने आपल्या मुलीला स्वतःच्या हाताने मारलं, पण परत जाऊ दिलं नाही. थॉमस नोबलच्या चित्रात ती चार पुरुषांसमोर उभी आहे, मुलं जमिनीवर निपचित. हे चित्र आता सिनसिनाटीतल्या संग्रहालयात आहे, त्याच नदीच्या काठावर.