अलेप्पोचा ऑलिव्ह साबण : घटक आणि वापर

आमच्याकडे मिळणारा हा साबण सिरियातील अलेप्पो शहराच्या पारंपरिक पद्धतीचा आहे. ही कारागिरी २०२४ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली. यात ऑलिव्ह तेल, लॉरेलच्या फळांचे तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा एवढेच घटक असतात. रंग किंवा कृत्रिम सुगंध घातलेला नसतो. लॉरेल हे भूमध्य समुद्राकाठचे झाड असून आपल्या मसाल्यातील तमालपत्राचे झाड वेगळे आहे.

कॉस्टिक सोड्याचे नाव वाचून काही ग्राहक साशंक होतात. तथापि क्षाराशिवाय कोणत्याही तेलाचा साबण होत नाही. पूर्वी हा क्षार वनस्पतींच्या राखेतून मिळवीत, आता सोडा वापरतात. तेल आणि सोडा यांच्या रासायनिक क्रियेतून साबण व ग्लिसरीन तयार होते आणि साबण नीट बनवलेला असेल, तर वडीत मोकळा सोडा उरत नाही.

नवे ऑलिव्ह तेल हाती आल्यावर, हिवाळ्यात, मोठ्या कढईत हे मिश्रण सुमारे तीन दिवस शिजवतात आणि लॉरेलचे तेल शेवटी घालतात. मग तो हिरवा, दाट साबण सपाट जमिनीवर ओतून पसरवतात. तो घट्ट झाला की पाती लावलेल्या दाताळ्यासारख्या अवजारावर एक कारागीर वजनासाठी उभा राहतो, बाकीचे ते ओढतात आणि अशा रीतीने वड्या कापल्या जातात. त्यांवर हाताने शिक्के मारून, मधून हवा खेळेल अशा बेताने त्या रचतात आणि सहा ते नऊ महिने वाळू देतात. या काळात वरचा हिरवा रंग उडून वडी पिवळसर तपकिरी होते, आत मात्र ती हिरवीच राहते. म्हणून कापलेल्या वडीत दोन रंग दिसले, तर तो दोष समजू नये.

फेसाबाबत आधीच सांगितलेले बरे. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असल्याने या साबणाचा फेस मऊ आणि बेताचाच येतो. खोबरेल तेलाच्या साबणासारखा भरघोस फेस अपेक्षित असल्यास हा साबण आपल्याला आवडणार नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात फेस आणखी कमी होतो व पांढरट साका धरतो, त्यामुळे असे पाणी असलेल्या घरी केसांसाठी तो वापरू नये, असे आमचे मत आहे.

हा साबण त्वचारोगावरील औषध नाही आणि आम्ही तसा दावा करीत नाही. लॉरेलच्या तेलाची काहींना ॲलर्जी असते, म्हणून प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडा लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. खाज किंवा लाली आल्यास वापर थांबवावा. डोळ्यांत गेल्यास तो झोंबतो.

वडी पाण्यात राहिल्यास बुळबुळीत होऊन लवकर झिजते, विशेषतः पावसाळ्यात. तिला भोके असलेली साबणदाणी वापरावी किंवा वडीचे दोन तुकडे करून एकच बाहेर ठेवावा.